काळमेघांचा नारायण

“आत्या, बातमी वाईट आहे,” खाटेच्या कडेला बसत भालचंद्र म्हणाला. “बाबा गेले. फाल्गुनात.”

समोरची म्हातारी, सिंधूबाई, तुरीच्या शेंगा सोलत होती. “कोनाचे बाबा?”

“नारायण विठोबा काळमेघ. तुमचे भाऊ. मी त्यांचा मुलगा, भोपाळहून आलोय.”

सिंधूबाईंचा हात थांबला. त्यांनी त्याचं तोंड न्याहाळलं.

“माहा नारायण मॅट्रिक झाला न् त्याच साली विषमज्वरानं गेला, बापू. मी लहान होती. पन तिरडी पाह्यली मी.”

भालचंद्रला वाटलं, वयामुळे बाईंचा गोंधळ होतोय. वडिलांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावरून माग काढत सकाळीच तो गावातल्या शाळेत गेला होता. तिथल्या जुन्या नोंदवहीत वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, जन्मतारीख, सगळं जुळलं होतं. हेडमास्तरांनीच हे घर दाखवलं होतं. वाटेत त्याला कितीतरी वर्षांनी हलकं वाटत होतं. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तो लहानाचा मोठा झाला. उन्हाळा लागला की शेजारची मुलं नागपूरला, अमरावतीला आजोळी जात आणि काळमेघांच्या क्वार्टरला कधी कुलूप लागत नसे. वडील म्हणत, “आपलं कोणी उरलं नाही.” आणि आज एक आत्या निघाली होती.

त्याने मोबाइलवर वडिलांचा फोटो उघडून दिला. तरुणपणचा, कारखान्याच्या गेटसमोरचा.

सिंधूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. “हा तं बाळ्या,” त्या हळूच म्हणाल्या.

“कोण बाळ्या?”

“नारायणचा दोस्त. कापसाच्या जिनिंगवर हमाली करे. जेवाले आमच्याकडेच. नारायण आजारी पडला तं रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसला हा. तेरवी झाली न् सकाळी पाह्यलं तं बाळ्या नाही. पेटीतला नारायणचा मॅट्रिकचा दाखलाही नाही.”

भालचंद्रला घरचं आठवलं. कोणी ‘नारायण’ अशी हाक मारली की वडील जरा उशिरा वळत. मशीनच्या आवाजाने कान गेले, असं घरात सगळे समजत.

“बाबांनी चोरला. त्यावरच कारखान्यात नोकरी लागली असणार,” तो म्हणाला.

“कागदाचं काय घेऊन बसला? सांगून गेला असता तं मायनं सोता हातात देल्ला असता.” सिंधूबाईंनी पदराने तोंड पुसलं. “नारायणची वाट पाहाले जागाच नव्हती. माय बाळ्याची वाट पाहत मेली. रोज दोन भाकरी झाकून ठेवे. एक पोरगा देवानं नेला, दुसरा असा गेला, म्हने.”

“त्यांचं आडनाव काय होतं?”

“कोन विचारते, बापू? बाळ्या म्हनत सारे.”

“गाव? आई-बाप?”

“दुष्काळात कुठून तरी आलं होतं पोर. त्यालेही सांगता येत नसे.”

तो उठला. पाया पडावं की नाही ते त्याला कळेना. सिंधूबाईंनीही थांब म्हटलं नाही. त्यांनी फोन तेवढा परत दिला.

भोपाळला, अवधपुरीतल्या घरी बायकोने दार उघडलं. “भेटलं का कोणी?” प्रमिलाने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मुलांना नको सांगू. त्यांच्या मार्कशीटवर, नोकरीत, हर जगह हेच नाव आहे.” त्याने मान हलवली. त्या रात्री तो जेवला नाही.

सर्वपित्री अमावास्येला तो वडिलांच्या तर्पणासाठी नर्मदेवर गेला. गुडघाभर पाण्यात माणसांची रांग होती. गुरुजी एकेकापाशी थांबून नाव विचारत पुढे सरकत होते.

“पिताजी का नाम?”

भालचंद्रने पाण्याने भरलेली ओंजळ वर धरली. खऱ्या नारायणला त्याच्या घरच्यांनी केव्हाच पाणी दिलं असणार.

“बाळू,” तो म्हणाला. बापाला ‘बाळ्या’ म्हणवेना.

“पूरा नाम बोलिए. गोत्र? दादाजी का नाम?”

बोटांच्या फटींतून पाणी झिरपून खाली गेलं, हातात तीळ तेवढे चिकटून राहिले. गुरुजींनी क्षणभर वाट पाहिली आणि ते शेजारच्या माणसाकडे वळले.