एक अभ्यास कमी

"वगळून टाक ना तो एक अभ्यास! कोण येतंय बघायला?" मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली.

बायकोनं लॅपटॉपवरून मानसुद्धा वर केली नाही. इस्पितळाच्या संशोधन विभागात तिचं काम हेच. एकाच आजारावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास जमवायचे, मोठ्याला जास्त वजन द्यायचं, छोट्याला कमी, आणि सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढायचं. तिची आई अजूनही लोकांना सांगते, पोरगी दवाखान्यात बेरजा करते.

या खेपेचा आजार मात्र घरातलाच होता. हृदय थकलेल्या माणसाच्या रक्ततपासणीत एक आकडा वाढलेला असेल, तर तो किती काळ तग धरतो? माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, आकडा वाढलेला होता. "डॉक्टर गोल गोल बोलतात. मला तुझं उत्तर हवं," असं त्यानं तिला बजावलं होतं.

एकाच इस्पितळाचे दोन अभ्यास तिच्यासमोर होते. दोन्ही धरले तर उत्तर ठाम आणि वाईट. दोन्हींतले रुग्ण तेच असतील तर तीच माणसं दोनदा मोजली जातात, म्हणून एक काढावाच लागणार, आणि मग उत्तर, 'नक्की सांगता येत नाही'. आम्हाला तेवढंही पुरलं असतं.

"तेच असतील, समज ना!"

"समजून चालत नाही रे. विचारावं लागतं."

तिनं तिकडच्या डॉक्टरांना विचारलं. मला रागच आला. भलत्या वेळी हिच्या अंगात हरिश्चंद्र संचारला होता! उत्तर आलं, रुग्ण वेगळे, वर्षंही वेगळी. दोन्ही अभ्यास राहिले.

रविवारी दादा आला. जिना चढून धापा टाकत बसला.

"दादा, तुमच्यासारखा आकडा असलेले निम्मे लोक तीन वर्षं काढत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही कुठल्या निम्म्यात, हे मात्र माझं गणित सांगू शकत नाही."

दादानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्याकडे बघून काही गाळलंस?"

"मोह झाला होता. नाही गाळलं."

"मग बरोबर असणार," तो म्हणाला आणि चहा मागितला.

तो निघाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तिचा फार अभिमान वाटला.

खाली जिन्यात शेजारीणबाईंनी दादाला हटकलं असावं. त्याचा आवाज वर आला, "आमची भावजय! जगभरचे डॉक्टर हिचं उत्तर वाचतात! घरच्या माणसासाठीसुद्धा..."

पुढे दम पुरेना. मी दारातून खाली डोकावलो. तो कठड्याला धरून थांबला, श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं.

"...आकडा हलवत नाही ती!"