गाठ माझ्याशी आहे

माझ्या लघवीच्या पिशवीत रेवणशेठ बसलेले आहेत, हे मार्चमध्ये दुर्बीण घातल्यावर कळलं. पडद्यावर आधी त्यांची काळी टोपी दिसली, मग स्टूल. शेठनी मान वर केली आणि उजेडाने डोळे बारीक केले.

"कधीपासून आहेत आत?" डॉक्टर हत्तुरेबाईंनी विचारलं.

"ब्याऐंशी सालापासून असतील," मी म्हणालो.

हे खरं आहे. खोटं मी फक्त सोयरीक जमवताना बोलतो. ब्याऐंशी साली सोलापुरात रेवणशेठच्या रंगकारखान्यात मी सुताच्या लड्या रंगवायचो. इरय्या शेजारच्या टाकीवर. दोघांचेही हात कोपरापर्यंत रंगात. तिथे प्रत्येकाची लघवी ज्याच्या त्याच्या टाकीच्या रंगाची व्हायची. आज कोण कुठल्या टाकीवर आहे, हे हजेरीबुकाआधी मुतारीत कळे. त्यामुळे इरय्याला लाल होऊ लागली तेव्हा आम्ही म्हटलं, लाल टाकीवर घातलं असेल. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी ध्यानात आलं की लाल टाकी दिवाळीपासून बंदच आहे.

इरय्या दवाखान्यासाठी रजा मागायला गेला. शेठ हसले. म्हणाले, "रंगाऱ्याची लघवी रंगीतच असायची रे." श्रावणात इरय्या गेला.

मी गेटवर शेठना अडवलं. सगळ्या पाळीसमोर ते म्हणाले, "मल्लेशम, याद राख. गाठ माझ्याशी आहे."

मीही म्हणालो, "शेठ, तुमचीही गाठ माझ्याशी आहे."

लोकांना वाटलं, भांडणात बोलायची रीत. शेठ मात्र शब्दाचे पक्के निघाले.

माझी बायको राजव्वा हिने दवाखान्यातूनच शेठच्या बंगल्यावर फोन लावला. "शेठ घरी आहेत काय?" पलीकडून त्यांची सून म्हणाली, "आहेत की. आरामखुर्चीत बसलेत. पण पाय सारखे ओले. सकाळपासून तीन पायमोजे बदलले."

राजव्वाने फोन ठेवला. "दोन्हीकडं आहेत," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कागदावर एक भोपळा काढला आणि त्याच्या बुडाशी एक ठिपका. "सुरुवातीचं आहे, अण्णा. वरच्या थरावरच बसलेत, पाय भिंतीत रुतलेले नाहीत. दोन रीती आहेत. जुनी म्हणजे विजेच्या तारेची कडी घालून खरवडायचं, तुकड्यातुकड्यानं बाहेर काढायचं. दुसरी लेझरची. बुडाखालून कापत जायचं आणि अख्खे काढायचे."

"तुकडे झाले तर?"

"पाण्यात तरंगतात. धुऊन घेतो आम्ही. एखादा राहिला तर रुजण्याची भीती असते."

मला सात-आठ बारके रेवणशेठ दिसले, प्रत्येकाखाली एकेक बारकं स्टूल.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "कडीची वीज मांडीच्या शिरेला लागली तर पाय उडतो. लाथ मारल्यासारखा. लेझरमध्ये तसं होत नाही."

मी सरळ बसलो. "लाथ बसते?"

"बसते. पण पिशवी फाटू शकते त्यानं. म्हणून ती शीर आधी बधिर करतात."

चाळीस वर्षं मला त्या माणसाला एक लाथ घालायची होती. "कडी लावा," मी म्हणालो. "बधिर काही करू नका."

"लाथ शेठला आणि फाटणार कुणाचं?" राजव्वा म्हणाली. "आणि तुकडे झाल्यावर माफी कुठल्या तुकड्याकडनं मागून घेणार ओ? टोपीकडनं?"

हे मात्र पटलं. माफी मागायला तोंड अख्खं पाहिजे. लेझर ठरलं.

"परत येतील काय हे?" राजव्वाने विचारलं.

"कुठल्याही रीतीनं काढा, काहींचे परत येतात. बघत राहावं लागतं."

माझा कमरेखालचा भाग बधिर केला होता, तरी पडद्यावर सगळं दिसत होतं. स्टुलाच्या पायांभोवती लेझरने शिस्तीत गोल रेघ ओढली. शेठनी पाय वर घेतले. पाऊण तासात ते अख्खे बाहेर आले, अंगठ्याएवढे, आणि औषधाच्या बरणीत बसले. लॅबवाला यायला दहा मिनिटं होती. बरणी माझ्या उशाशी होती, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात लाल रंगाची पुडी. ती मी घरूनच आणली होती.

"इरय्याची माफी मागा," मी म्हणालो.

शेठ बरणीतून म्हणाले, "कोण इरय्या?"

मी अर्धी पुडी बरणीत ओतली. पाणी लालभडक झालं. मी बरणी हलवली, थांबलो, परत हलवली, लडी फिरवतात तशी. रंग खाली बसला तेव्हा शेठ पांढरेच होते. टोपीसुद्धा आता पांढरी.

"गाठीत रंग शिरत नाही," राजव्वा म्हणाली. "तुम्हीच सांगायचा की. गाठ सोडवल्याशिवाय लडी बुडवू नये म्हणून."

लॅबवाल्याने बरणीवर माझं नाव चिकटवलं. काचेआडून शेठनी एक बोट वर केलं. "माझा शब्द झाला, मल्लेशम. तुझा राहिलाय."

घरी आलो त्या दिवसापासून माझे पाय ओले आहेत. राजव्वाने दोन दिवस पायमोजे बदलले, मग दोरीवर जागा उरली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बंगल्यावर फोन लावला.

"मामंजी बरे आहेत," सून म्हणाली. "पाय कोरडे ठाक. फक्त लघवी लाल होतीय. पण ते कुठं रंगारी होते ओ?"

मी मोठ्याने हसलो. हसू भिंतींना लागून परत आलं, कारण खोलीचे कोपरे तोवर गेले होते. भिंती गुलाबी आणि गोल झाल्या होत्या, हात लावला की दबायच्या. आधी दार लहान झालं, मग खिडकी. राजव्वा बाहेरून काहीतरी म्हणाली. मी सांगितलं, "आधी स्टूल दे आत." तिने दिलं. त्यानंतर दार राहिलं नाही.

पाणी कोमट आहे, घोट्यापर्यंत. उरलेली अर्धी पुडी माझ्याकडे आहे. मी रोज चिमूटभर सोडतो. जास्त नाही. रंग हळूहळू द्यावा, तर पक्का बसतो.

आज वरून उजेड आला. मी मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"मल्लूअण्णा?" डॉक्टरबाईंचा आवाज आला, लांबून. मग त्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागल्या. "दोन रीती आहेत, शेठ."

त्यांनी भोपळा काढला असावा. कडीचं सांगितलं, तुकड्यांचं सांगितलं, लेझरचं सांगितलं. पाय उडतो तेही सांगितलं, आणि काय फाटतं तेही.

मी शेठना ओळखतो. त्यांच्या घरात राजव्वा नाही.

"कडी लावा," शेठ म्हणाले. "बधिर काही करू नका."

तारेची कडी उजेडातून खाली येते आहे. मी पाय वर घेतलेले नाहीत. उरलेली सगळी पुडी पाण्यात सोडली आहे आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं आहे. भिंतीपलीकडे एक म्हातारी मांडी थरथरायला लागली आहे.