दशांशानंतर एकच आकडा

तुर्काना मुलखातल्या त्या दवाखान्याचं नेटवर्क इतकं मरतुकडं, की भारी फाइल वरच्या कचेरीत पोचेपर्यंत पोर बरं होऊन घरी गेलेलं असे. म्हणून तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या अकितेलाचे तक्ते साध्या मजकुराचे. उभ्या रेघा, मध्ये आकडे.

पोर किती खंगलंय ते कळायला त्याच्या दंडाचा घेर तीनदा मोजायचा, तक्त्यातलं सूत्र सरासरी काढायचं. शेजारच्या रकान्यातलं सूत्र तीच सरासरी वाचून निकाल द्यायचं: साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर दवाखान्यात ठेवून घ्या, नाहीतर घरी. पण सरासरीला लांबलचक शेपूट यायचं आणि रेघा वाकड्या व्हायच्या. अकितेलाला वाकडं खपत नसे. दशांशानंतर एकच आकडा लिही, असं तिने सूत्राला बजावलं.

परिचारक लोकाले म्हणाला, "ताई, तक्ता आहे की नवरीच्या गळ्यातल्या माळा?" ती आठवडाभर खूश होती.

नाकिरू आपल्या लेकीला, अजिकोनला, घेऊन आली तेव्हा तक्त्यात साडेअकरा उमटलं. घरी.

"बाई, हिचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो," नाकिरू म्हणाली. "तुझ्या यंत्राला बोटं आहेत का?"

"माय, आकड्याला कुणाची माया नसते. पंधरवड्याने ये."

पुढे वरच्या कचेरीने दशांशानंतर दोन आकडे मागितले. अकितेलाने सूत्र बदललं आणि अजिकोनची ओळ हलली. ११.४७. ठेवून घ्या.

ती शहरात शिकली त्या यंत्रात दाखवायचा आकडा वेगळा, पोटात ठेवलेला वेगळा. आखूड दाखवलं तरी हिशेब पुऱ्यावरच. इथे, साध्या मजकुराच्या तक्त्यात, लिहिलं तेवढंच. मागे काही नाही. शेजारच्या सूत्राने ते आखूड साडेअकराच खरं मानलं होतं.

लोकालेने मोटरसायकल काढली, अकितेला मागे बसली. नाकिरूच्या वस्तीवर काटेरी कुंपण तेवढं उरलं होतं. चुलीत हात घातला तर राख थंड. वाटेवरचा म्हातारा गुराखी म्हणाला, डोंगराकडे कुठेतरी पाऊस पडलाय, माणसं शेळ्यांमागे गेली. कुठल्या डोंगराकडे, असं तिने विचारलं.

"ते शेळ्यांना ठाऊक, पोरी."

 

पंधरवडा उलटला, पुढचाही. नाकिरू आली नाही. तक्त्यातले आकडे आता शेपटांसकट येतात, रेघा वाकड्यातिकड्या. अजिकोनच्या ओळीत अजून तेच लिहिलेलं आहे: ठेवून घ्या.