हो, डॉक्टर

सुनेचं वागणं साल्बिंगला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून खटकत आलं होतं. आर्लिन सासूला नानाय, म्हणजे आई, म्हणायची आणि काहीही सांगितलं तरी हो म्हणायची. भातात पाणी जास्त घाल. हो, नानाय. पडदे धुवायला काढ. हो, नानाय. मग भात तिच्याच मापानं शिजायचा आणि पडदे महिनाभर तसेच लोंबकळत राहायचे. तोंडावर नाही म्हणाली असती, तर चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं. इथे भांडायचं म्हटलं तरी हाताला काही लागत नसे. मायदेशी इलोइलोच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकताना साल्बिंगनं वळवळत्या जिवंत वामी मुठीत धरल्या होत्या, पण ही सून काही मुठीत आली नाही.

आता तर या हो म्हणण्यापायी सगळं घरच अडकून पडलं होतं.

आर्लिन तिकडे चौदा वर्षं नर्स होती, मोठ्या इस्पितळात, डोक्यावर टोपी, हाताखाली चार पोरी. मेलबर्नला आल्यावर मात्र तीन वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं आणि चादरी बदलायच्या, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. पुन्हा नर्स व्हायचं तर बाहेरदेशी शिकलेल्यांसाठी असलेला वर्ग पास व्हायला हवा होता. सुया टोचायला तिथे कुणी शिकवत नव्हतं, त्या तिला येतच होत्या. इंग्रजीत बोलायचं कसं आणि कामावर कुणाशी काय बोलायचं, त्याचा तो वर्ग. एकदा ती नापास झाली होती. गुरुवारी दुसरी परीक्षा होती आणि तीच शेवटची. नर्स म्हणून नाव नोंदलं गेलं नाही, तर ऑगस्टनंतर या देशात राहायला कुणाजवळ कागद उरणार नव्हता. मुलाची, रोडेलची, गोदामातली नोकरीही बायकोच्याच कागदावर चालली होती.

नापास कशी झाली, ते रोडेलनं आईला सांगितलं. परीक्षेत खोटाच रोगी होता आणि फोनवरचा डॉक्टरही खोटाच. त्या डॉक्टरनं मुद्दाम औषधाचा दहापट डोस सांगितला. चूक आर्लिनच्या तेव्हाच ध्यानात आली. तरी ती म्हणाली, हो डॉक्टर, थँक्यू डॉक्टर. आणि फोन ठेवून दिला. परीक्षा तिथेच संपली. हिला वाटलं, आपण पास.

कारण इलोइलोत असंच चालायचं. डॉक्टरला हो म्हणायचं, मग औषधांच्या खोलीतल्या माणसाच्या कानात हळूच सांगायचं. तो कागद परत पाठवायचा, जरा बघून घ्या म्हणून. डॉक्टर गुपचूप आकडा बदलायचा. कुणाची मान खाली जात नसे आणि रोगीही जगायचा. चौदा वर्षांत तिच्या हातून एकालाही इजा झाली नव्हती. पण हेदर म्हणून शिकवणारी बाई होती, तिनं आर्लिनला समोर बसवून सांगितलं की इथे तुझ्या मागे झेलायला कुणी उभं नसतं, चूक दिसली की तिथल्या तिथे, त्याच माणसाला सांगायची.

साल्बिंगनं नाक मुरडलं होतं. चुकला डॉक्टर आणि नापास झाली आमची पोरगी, असला कसला न्याय. घरात ती सुनेला कितीही टोचून बोलो, बाहेरच्यानं बोट दाखवलेलं तिला खपत नसे.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी ब्लाउजचं बटण तुटलं म्हणून साल्बिंगनं सुईदोऱ्याचा डबा उघडला. बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. दोऱ्याच्या रिळांखाली गोळ्यांचं एक खोकं होतं, नारिंगी पट्ट्याचं. वाचता येत नसलं तरी खोकं तिनं ओळखलं. महिन्यामागे गुडघ्यासाठी डॉक्टरनं लिहून दिलेलं, औषधाच्या दुकानातल्या मुलीनं काउंटरवर ठेवलेलं तेच खोकं. आत तिन्ही पाकिटं कोरी होती, एकही गोळी फोडलेली नव्हती.

महिनाभर रोज सकाळी आर्लिन पाण्याचा पेला आणि पांढरी गोळी हातावर ठेवत होती. ही गुडघ्याचीच ना, असं तिनं दोनदा विचारलंही होतं. हो, नानाय.

आर्लिन कामावरून आली तेव्हा खोकं टेबलाच्या मधोमध ठेवलेलं होतं. तिनं ते पाहिलं आणि बूटही न काढता खुर्चीत बसली. दोन दिवसांत तीन पाळ्या झाल्या होत्या, डोळ्यांखाली सूज होती.

"हे काय आहे, इंदाय, पोरी?"

आर्लिननं दमलेल्या आवाजात सांगितलं. नानायची मूत्रपिंडं थकली होती, तसा तपासणीचा कागद होता. रक्तदाबाच्या गोळीच्या जोडीला ही गोळी घेतली असती, तर मूत्रपिंडं आणखी बिघडली असती. डॉक्टर घाईत होता, त्यानं कागद पाहिलाच नव्हता. म्हणून ती दुखण्यावरची साधी गोळी देत होती.

"मग हे त्याला का नाही सांगितलंस? मी शेजारीच बसले होते. तू हसत होतीस. थँक्यू म्हणालीस."

"ते डॉक्टर आहेत, नानाय."

"आणि मी कोण? त्याला सांगायला जड गेलं, आणि मला फसवताना काही वाटलं नाही?"

"फसवलं नाही," आर्लिन म्हणाली. "सांभाळलं."

ती एवढंच बोलली आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागली. साबणाच्या पाण्यानं तिची बोटं पेरापेरांवर फुटली होती.

साल्बिंगच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, पण एक विचार मध्ये आडवा आला. अकरा वर्षांत या बाईनं आपलं आणखी काय काय सांभाळलं असेल? कालवणात मीठ कमी लागतं म्हणून आपण ओरडतो, आणि ते कमीच राहतं. रोडेलला कर्ज काढून गाडी घ्यायला आपण लावत होतो, आणि त्याचं मन का कोण जाणे बदललं. आपण घर चालवतोय असं वाटत होतं. घर भलतंच कुणी चालवत होतं, हो म्हणत म्हणत.

आणि मग तिला बाजार आठवला. आर्लिन घरात नवीन आली होती, सुट्टीच्या दिवशी ठेल्यावर मदतीला उभी होती. गिऱ्हाईकासमोर तिनं हळूच म्हटलं होतं, नानाय, हा मासा कालचा आहे, या आजारी बाईला नको देऊ या. साल्बिंगनं भर बाजारात तिचा पाणउतारा केला होता. शिकलेली आलीस म्हणून मला मासळी शिकवतेस? शेजारच्या ठेल्यांवरच्या बाया हसल्या होत्या. मासा कालचाच होता. त्यानंतर आर्लिन तिला कधी नाही म्हणाली नव्हती.

साल्बिंगनं खोकं उचलून आपल्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "मंगळवारी त्या डॉक्टरकडे जायचं. तू सांगायचंस."

"हो, नानाय."

"तसलं हो नाही. खरंच जायचं."

मंगळवारी दोघी गेल्या. डॉक्टर तरुण होता, तोंडभर हसला, कसा आहे गुडघा, असं बहुतेक विचारलं असावं. साल्बिंगला इंग्रजीतले चारपाच शब्द कळत, त्यातला एक सॉरी. आर्लिन बोलायला लागली. पहिल्याच वाक्यात साल्बिंगनं तीन सॉरी मोजले. डॉक्टर मान हलवत घड्याळाकडे बघू लागला. चौथं सॉरी आलं तेव्हा साल्बिंगनं पिशवीतून खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि सुनेच्या दंडाला कोपर मारलं, बाजारात झोपाळलेल्या पोरीला मारायची तसं.

आर्लिन थांबली. मांडीवर हात एकावर एक ठेवले. मग सावकाश, एकेक शब्द मोजून बोलली. या वेळी सॉरी आलं नाही. एकदा साल्बिंगकडे बोट दाखवलं, एकदा खोक्याकडे, एकदा त्याच्या संगणकाकडे.

डॉक्टरचं हसू मावळलं. तो पडद्याकडे वळला, खाली खाली वाचत गेला. त्याचे कान लाल होताना साल्बिंगनं पाहिले आणि तिला वाटलं, संपलं, आता हा माणूस वर्षभर आपल्याला दारात उभं करणार नाही. इलोइलोत तसंच झालं असतं. पण डॉक्टरनं खोकं उचलून आपल्या बाजूला ठेवलं, काहीतरी खोडलं, दुसरं लिहिलं आणि आर्लिनकडे बघून एक वाक्य बोलला.

गाडीत बसल्यावर आर्लिननं किल्ली मांडीवर ठेवून दिली.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, बरं केलंत. आणि पुढच्या वेळी त्याच दिवशी सांगा, महिन्यानं नको."

"एवढंच?"

"एवढंच."

आर्लिननं गाडी सुरू केली. साल्बिंगला आनंद वाटायला हवा होता, पण थकवाच आला. एवढ्याशा वाक्यासाठी या पोरीनं तीन वर्षं म्हाताऱ्यांच्या चादरी धुतल्या. आणि ते वाक्य तिच्या घशात अडकवलं कुणी, हे या गाडीत एकाच बाईला ठाऊक होतं. नाही, दोघींना.

गुरुवारी रोडेल गोदामात होता. साल्बिंगनं सकाळपासून कालवण रटरटत ठेवलं होतं, तुरीचे काळे दाणे, डब्यातला कोवळा फणस आणि डुकराचं मांस. इथला फणस म्हणजे नुसता चोथा, पण दुसरं काय मिळणार. चारला दार वाजलं. आर्लिन आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

निकाल दहा दिवसांनी कळणार होता. काय झालं ते तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. या वेळी फोनवरचा खोटा डॉक्टर चिडका होता. हा डोस मी देणार नाही, असं ती म्हणाली. तो ओरडला, वीस वर्षं डॉक्टर आहे मी. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, कारण सांगितलं, पुन्हा विचार करा म्हणाली. तो आणखी ओरडला. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि वरच्या डॉक्टरांना आत्ता कळवते म्हणाली. मग समोर बसलेल्या बाईनं काहीतरी लिहून घेतलं आणि संपलं म्हणून सांगितलं. बाहेर येऊन आर्लिन पायरीवर बसून रडली. का रडली ते तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

साल्बिंगनं ऐकून घेतलं. ताटात भात वाढला, वर कालवण ओतलं, मांसाचे चांगले तुकडे निवडून निवडून ठेवले आणि ताट टेबलावर सरकवलं.

"बस. जेव आधी."

"नाही, नानाय," आर्लिन म्हणाली. "आत्ता नको. मी झोपणार आहे."

साल्बिंग डाव हातात धरून थांबली. पाठोपाठ काहीतरी येईल असं तिला वाटत होतं. थोडंसं खाते, किंवा वास किती छान येतोय, किंवा नुसतंच ते हसू. काहीच आलं नाही. सून तिच्याकडे सरळ बघत होती, डोळे लाल, थकलेले, पण खाली गेले नाहीत.

अकरा वर्षांनी हाताला काहीतरी लागलं होतं, आणि आता भांडायचं त्राण तिच्यातही उरलं नव्हतं. तिनं ताटावर झाकण ठेवलं.

"पास झालीस तू," ती म्हणाली. "मला मुळीच आवडलेलं नाही. पण पास झालीस. जा, झोप."