तीन बोटं विभूती

लोहाऱ्याहून जीपनं, मांडीवर धरून आणलेला संगणक गौरीशंकर आप्पांनी राजपालच्या टेबलावर ठेवला. राजपालचं धाराशिवात दुरुस्तीचं दुकान. त्यानं झाकण काढलं, तपासलं आणि म्हणाला, "आप्पा, प्रोसेसर मेलाय. पण ह्याच्यावर हे काय फासलंय?"

"विभूती हाय."

आप्पांची बायको श्रीदेवी ह्याच यंत्रावर तालुक्याच्या लग्नपत्रिका छपाईसाठी टाइप करून द्यायची. दर दसऱ्याला झाकण उघडून त्या चौकोनी चिपवर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढायची. पुसायची नाही, जुन्यावरच नवी. मागच्या दसऱ्यानंतर ती गेली. यंत्र मात्र आप्पा रोज सकाळी चालू करत. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'या, बसा' उमटायचं. गिऱ्हाइकांसाठी तिनंच ते घातलं होतं. तेवढं वाचायचं आणि बंद करायचं. परवा पडदा काळाच राहिला.

राजपालनं भंगारातून जमवलेल्या चिपांचा डबा पुढं ओढला. "हे सगळं फोर एटी सिक्स ह्या जुन्या प्रोसेसरचं घराणं. हा एसएक्स, हा डीएक्स, हा डीएक्स टू, हा डीएक्स फोर."

"सगळे सारखेच दिसतात की."

"दिसतात. डीएक्समधी गणिताचा भाग चालू, एसएक्समधी बंद. टू आतल्या आत दुप्पट पळतो."

"आन् फोर चौपट."

"न्हाय, तिप्पट."

"मग फोर कशापायी म्हणायचं?"

"कंपनीलाच इचारा. त्याला वीज बी कमी लागती. बाकीच्यांची दिली तर जळतो. म्हणून तुमचा कुठला ते कळाय पायजे. नंबर विभूतीखाली हाय. पुसू?"

त्यानं स्पिरिटचा बोळा उचलला. आप्पांनी त्याचं मनगट धरलं. मधल्या रेघेच्या टोकाला बोटाचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. पुसलं तर यंत्र बोलेल आणि तिचं बोट जाईल. न पुसलं तर बोट राहील आणि यंत्र मुकं. ह्यातलं तिचं जास्त कुठलं, हे आप्पांना ठरवता येईना. त्यांनी मनगटही सोडलं नाही.

"हात तरी सोडा, आप्पा. दुसरा काई उपाय बघतो."

त्यानं आतली तारांची रुंद पट्टी वर उचलली. खाली धुळीत चिप बसवायची तसलीच एक रिकामी बैठक निघाली. राजपाल हसला. "म्हंजी हा एसएक्सच. मागून गणिताची चिप घालाय ठेवलेली जागा हाय ही. गंमत अशी की ती चिप म्हंजी अख्खा डीएक्सच असतो, फकस्त एक पाय जास्त. बसला की जुन्याला गप करतो आन् सगळं काम आपणच वढतो."

"मेलेल्याला आणि काय गप करणार? जुना काढायचा का मग?"

"न्हाय. राहू द्या हितंच."

डब्यातून एक पाय जास्त असलेली चिप शोधून त्यानं रिकाम्या बैठकीत दाबली. बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर आलं, 'या, बसा'.

आप्पांनी एकदा नव्या चिपकडं बघितलं, एकदा विभूतीकडं. "ह्यातलं कोण म्हणतंय?"

"दोघं बी न्हाय. ते डिस्कवर लिहिलेलं हाय, त्या डबीत. काकूंनी लिहिलंय."

आप्पांना काही उमगेना. एवढी वर्षं विभूती एकीकडं लागत होती आणि बोलणं दुसरीकडून येत होतं. आणि हा नवा तर तिला ओळखतही नव्हता. त्यांनी पडदा पुन्हा वाचला. यंत्र बंद करायला हात पुढं केला, तो तसाच मागं घेतला.

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.