दोन शेपट्यांचे सात किडे

पोरांनी पांढरा ट्रे ओढ्याकाठच्या दगडावर ठेवला, तेव्हा विज्ञानाच्या बाईंना वाटलं, ओढा वाचला.

वाटणारच. पालिकेला हा ओढा स्लॅबखाली गाडून वर रस्ता करायचा होता. बाई अकरा वर्षं पोरांना घेऊन इथे किडे मोजत होत्या, म्हणून पालिकेने उपकार केल्यासारखं एवढंच कबूल केलं: मोजणीत बारा गुण आले तर ओढा राहील, नाहीतर नाही. जळवा आणि लाल अळ्या घाणीतही मजेत राहतात, त्यांना गुण नावापुरते. दोन शेपट्यांचा किडा मात्र भारी नखरेल. पाणी जरा नासलं की मरतो. तो सापडला की एकदम दहा गुण.

आणि भिंगरीला सात सापडले होते. भिंग हातातून सुटत नाही म्हणून अख्खा वर्ग तिला भिंगरी म्हणायचा.

"बाई, सात लिहू ना?"

"लिही की. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" बाईंचा जीव भांड्यात पडला होता.

तक्ता भरला, सही तेवढी राहिली. बाईंनी सवयीने भिंग उचललं आणि ट्रेवर धरलं. सातही किड्यांच्या पाठी उभ्या चिरलेल्या होत्या. किडे गेल्या मोसमातच कात टाकून उडून गेले होते. ही दगडांना चिकटून राहिलेली टरफलं. पोरांनी ट्रे हलवला म्हणून तीही हलली. मोजायचं ते जिवंत तेवढंच, हे बाईंनीच शिकवलं होतं.

पालिकेच्या साहेबाला जळू आणि गांडूळ यातला फरक कळत नव्हता. तो काय विचारणार? बाईंना ती सही करावीशी वाटली, अगदी लाज वाटावी इतकी.

"पाठी बघ," म्हणत त्यांनी भिंग भिंगरीला दिलं.

पोरगी बराच वेळ वाकून राहिली. "रिकामे आहेत," ती म्हणाली, आणि तिनेच सातावर काट मारली. दहा गुण गेले, बेरीज पंधरावरून पाच झाली. बाईंनी सही केली.

"म्हणजे ओढा जाणार?"

"हो."

मोजून झालं की किडे परत पाण्यात सोडायचे असत. भिंगरी ट्रे घेऊन पाण्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ट्रेमध्ये जळवा, लाल अळ्या वळवळत होत्या.

"बाई, यांना कुठे सोडू?"

"इथेच सोड," बाई म्हणाल्या, आणि पोरांदेखत रडल्या.