गप्प झालेला पंखा

घरघर थांबली आणि ठकी जागी झाली. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या आवाजावर झोपायची सवयच लागली होती पोरीला. आई अक्षरजुळणीची कामं तिच्या झोपेतच उरकायची. आज सकाळी पंखा कटकटला, गप्प झाला आणि पडद्यावर मशीन तापल्याची सूचना आली. अर्धं पुस्तक त्या डब्यात होतं.

तिने मशीन बंद केलं, ठकीला कडेवर घेतलं आणि कंपनीला फोन लावला.

"वॉरंटीत आहे मॅडम, पंखा फुकट बदलून मिळेल," पलीकडची मुलगी म्हणाली. "माणूस परवा येईल. फक्त डब्यावरचं सील तोडू नका. तुटलं की वॉरंटी गेली."

"हात नाही लावत," आई म्हणाली आणि तेवढ्यात टेबलाखाली ठकीचं बदक दिसलं. पोटावरचं झाकण उघडं. आत बटणाएवढा चपटा सेल असायचा. तो नव्हता. तिने फोन तसाच बंद केला.

झोपण्याआधी ठकी तिथेच बसली होती, डब्याच्या फटींत बोटं घालत. सेल त्या फटीतून आत गेला असेल. नाहीतर. तिने ठकीच्या तोंडात बोट फिरवलं. लाळ आणि दोन दात. ठकी खोकली, एकदाच.

"पांढरीफटक का पडलीस गं?" सासूबाई दारात आल्या.

"आई, बदकातला सेल नाहीये. गिळला असेल तर आतून जाळतो."

सासूबाईंनी वर्षभर त्या सीलवर नागोबासारखा पहारा दिला होता. कुणाला धूळसुद्धा पुसू देत नसत. त्या स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आल्या.

"पण वॉरंटी..."

"वॉरंटी काय चाटायचीय? धर पोरीला घट्ट."

सील फाटलं. स्क्रू सुरीच्या टोकाने फिरले. पात्यांच्या बेचक्यात सेल रुतला होता.

"सापडला मेला," म्हणत सासूबाई खालीच बसल्या. सुनेने ठकीच्या मानेत तोंड खुपसलं. मग सासूबाईंनी बदक हातात घेऊन निरखलं. त्यांचा आवाज बदलला.

"अगं, यात दोन खाचा आहेत."

भेट आलेलं खेळणं. आत किती सेल आहेत ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. दोघींनी डबा आडवा केला, हलवला, कोपरे चाचपले. दुसरा नव्हता. चपला उलटसुलट घालून ती ठकीला घेऊन जिना उतरली, दवाखान्याकडे.

एक्स-रेच्या फोटोत ठकीच्या बरगड्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या दिसत होत्या.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"पुन्हा बघा ना."

"सेल असता तर नाण्यासारखा ठळक दिसला असता, बाई. हे बघा, गळा, छाती, पोट. मोकळं आहे सगळं. दुसरा सेल घरातच कुठे पडला असेल."

ती बाहेरच्या बाकावर बसली. फोन वाजला, कंपनीची तीच मुलगी.

"मॅडम, सकाळी फोन मध्येच तुटला. सील शाबूत आहे ना?"

"तोडलं. आणखी काही तोडावं लागलं असतं तर तेही तोडलं असतं."

"मग पंख्याचे पैसे..."

"घ्या."

ठकीने फोन ओढला आणि तोंडात घातला. आईने तो झटक्यात काढून घेतला आणि त्याच्या ओल्या कडांवरून बोट फिरवत राहिली: सगळं जागच्या जागी आहे ना.